बॉयलर, चुंबक आणि रविवारची किल्ली

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. ‘जुना’ म्हटले की लोकांना लगेच भंगारवाला आठवतो. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावात, चढावरच्या दगडी घरांच्या रांगेत, सगडन नवराबायकोच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मी दीड तपाहून अधिक काळ टांगलेला आहे. माझ्या पोटात आग आहे आणि नाकावर राग आहे. पण या घरात जी ऊब आहे ती माझी आहे, आणि हे सांगायला मी कोणाची भीड धरत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या नळ्या, पितळी झडपा, पोलादाची पाठ आणि वरून पांढरा रंग. शेवटी तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझ्यात पाणी भरून दाब वाढवला, कान लावून ऐकले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “हा टिकेल.” तिला पुढे मी कधी पाहिले नाही. पण तिचा शब्द खाली पडू दिला नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. मी पाणी तापवतो. पंप ते पाणी पाइपांतून घरभर ढकलतो. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक लोखंडी रेडिएटर असतो. गरम पाणी त्याच्या अंगातून फिरते, खोलीला ऊब देते आणि कोमट होऊन परतीच्या पाइपाने माझ्याकडे येते. मी तेच पाणी पुन्हा तापवतो. नवे पाणी लागत नाही. मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा तिच्यावरच झाला.

घराचा मालक क्लिफर्ड सगडन हा निवृत्त बसचालक. उंच, काटकुळा, घरातसुद्धा बुटांना पॉलिश करणारा. त्याची बायको ऑड्री शाळेच्या स्वयंपाकघरात होती. हजारो मुलांना तिने गरम गरम जेवण वाढले, आणि स्वतः घरी आली की गारठायची. तिचे हात बाराही महिने थंड. या भागातल्या माणसांची एक रीत आहे. नोव्हेंबर उजाडेपर्यंत घर तापवायचे नाही. आधी तापवले तर शेजारी काय म्हणतील, ही भीती थंडीहून मोठी.

“क्लिफर्ड, माझी बोटं निळी पडलीत,” ऑड्री ऑक्टोबरात म्हणायची.

“स्वेटर घाल.”

“घातलाय.”

“मग दुसरा घाल.”

तो बाहेर गेला की ऑड्री हळूच माझे बटण फिरवायची. मी लगेच पेटायचो, कारण माझे आणि तिचे आतून सूत होते. तो परत आला की मला हात लावून बघायचा आणि म्हणायचा, “हा तापलाय कसा?” ऑड्री खिडकीबाहेर बघत म्हणायची, “त्याला विचार. तुझ्यापेक्षा त्याला दया जास्त आहे.” माझ्या शेजारच्या कट्ट्यावरची किटली तेव्हा खुदकन हसायची. किटलीला दिवसातून दहा वेळा बोलावणे येते, म्हणून तिला भलताच ताठा. मी तिच्याकडे लक्ष देत नाही.

पण क्लिफर्ड कंजूष असला तरी निर्दयी नव्हता. एकदा नोव्हेंबर लागला की रेडिएटर हाच त्याचा धर्म. दर रविवारी सकाळी, ऑड्री ओव्हनमध्ये मटण आणि बटाटे लावायची, तेव्हा तो जुना टॉवेल खांद्यावर टाकून, हातात मुरंब्याची रिकामी बरणी आणि खिशात एक छोटी पितळी किल्ली घेऊन निघायचा. प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू असतो. आत हवा अडकली तर तो थोडा सैल करायचा, हवा ‘फुस्स’ करून जाते, मग थेंबभर पाणी आले की बंद करायचा. हवा अडकली असेल तर हे करावे. क्लिफर्ड मात्र दर रविवारी, सगळ्या खोल्यांत, गरज असो वा नसो, गुडघा टेकून करायचा. बरणीत पाणी जमले की त्याला समाधान वाटायचे. मग माझ्याकडे यायचा, माझ्या पोटाखालची तोटी उघडायचा, गेलेल्या पाण्याच्या जागी नळाचे ताजे पाणी भरायचा आणि दाबाचा काटा हिरव्या भागात आला की माझ्यावर थाप मारायचा.

“झालं! आता आठवडाभर बघायला नको.”

रांगेतल्या सगळ्या घरांत क्लिफर्डच्या या नेमाचे कौतुक होते. बायका नवऱ्यांना सुनावायच्या, “सगडनकडे बघ जरा. बायकोला थंडी वाजू नये म्हणून किती करतो!” मलाही मिरवावेसे वाटायचे. इतकी काळजी घेतली जाणारा बॉयलर त्या चढावर दुसरा नव्हता.

तरी काहीतरी बिघडत होते, आणि ते मला माझ्या पोटात कळत होते. परतीचे पाणी वर्षावर्षाला जड होत होते. आधी गढूळ, मग काळपट, मग बारीक कचकच. जेवताना भातात खडा लागावा तसे मला व्हायचे. पंप कण्हू लागला. मी खडखड करू लागलो. मी ओरडून सांगत होतो, पण माझी भाषा म्हणजे खडखडाट, आणि तो ऐकून माणसे एवढेच म्हणतात की हा म्हातारा झाला.

त्या डिसेंबरात मागच्या दाराच्या पायरीवर दव गोठले होते. ऑड्री पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकायला गेली आणि घसरली. खुब्याचे हाड मोडले. हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली, ती चांगली झाली. पण तिला आता जिना चढता येणार नव्हता. म्हणून पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. आणि इथेच घोडे अडले. घरातला सर्वांत गार रेडिएटर त्याच खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीखाली होता. माझ्यापासून सर्वांत दूर. वरून गरम, आणि पोटाशी बर्फ.

हॉस्पिटलातून निरोप आला की त्यांची एक बाई शुक्रवारी घर बघायला येईल. खोली पुरेशी गरम असेल, तरच ऑड्रीला घरी पाठवणार. नाहीतर तिने हिवाळाभर मुलीकडे राहावे.

मुलगी जोआन दूर दक्षिणेला, समुद्रकाठच्या ब्रायटन गावात राहते. पोरगी मायाळू, पण बोलणे घाईचे. तिचा फोन स्वयंपाकघरातच लागायचा, त्यामुळे मला सगळे ऐकू यायचे.

“डॅड, तो बॉयलर जुना झालाय. काढून फेका त्याला. आणि तोवर ममला मी घेऊन येते. आमच्याकडे जमिनीखालूनसुद्धा गरम होतं.”

“तिला तिची खोली हवीय, जोआन.”

“तिला ऊब हवीय, डॅड. हिवाळ्यापुरतंच तर आहे.”

फोन ठेवून क्लिफर्ड खुर्चीत बसला. ‘हिवाळ्यापुरतंच’ या शब्दाला तो घाबरत होता. पलीकडच्या घरातली मिसेस अक्रॉइड अशीच हिवाळ्यापुरती मुलाकडे गेली होती. तिच्या घराचे पडदे पुन्हा उघडलेच नाहीत. क्लिफर्डचे ऑड्रीशिवाय काय होणार, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही. तो चहा करायचा तोसुद्धा दोन कप. दुसरा तसाच गार व्हायचा.

मग तो उठला आणि त्याने त्याला येत होते ते केले. किल्ली काढली. रविवारची वाट बघितली नाही. सकाळी फुस्स, संध्याकाळी फुस्स. सकाळी ताजे पाणी, संध्याकाळी ताजे पाणी. पुढच्या खोलीतला रेडिएटर आणखी गार पडला. तो जितका गार पडे, तितकी क्लिफर्ड किल्ली फिरवी. मी खडखडून खडखडून थकलो. एकदा तर रागाने बंदच पडलो. तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तू तरी असं करू नकोस रे.” मित्रांनो, त्याचा तो आवाज ऐकून मी पुन्हा पेटलो. राग नाकावर असला तरी मला काळीज आहे.

गुरुवारी सकाळी त्याने शेवटी प्लंबरला बोलावले. दारात उभी राहिली ती पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. केस रुमालात बांधलेले, एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बादली.

“डेनीस ओल्डरॉइड,” ती म्हणाली. “तुम्ही मला ओळखलं नाहीत, पण मी तुम्हाला बरोब्बर ओळखलं. शाळेत असताना तुम्ही मला भर पावसात बसमधून खाली उतरवलं होतंत. बटाट्याच्या गरम तळलेल्या चिप्स खात होते म्हणून.”

“बसमध्ये खायला मनाई होती,” क्लिफर्ड ताठ होत म्हणाला.

“त्यांच्यावर व्हिनेगर शिंपडलेलं होतं.”

“हो. सगळी बस घमघमत होती. आणि मी सकाळपासून उपाशी होतो.”

डेनीस एवढ्या जोरात हसली की माझ्यावरचा पत्रा थरथरला. मला ती तिथेच आवडली. तोंडाने फटकळ, पण हात शहाणे. तिने मला लगेच उघडले नाही. आधी पुढच्या खोलीत गेली, रेडिएटरवर तळवा ठेवून वरपासून खालपर्यंत फिरवला, जसा आजारी पोराच्या पोटावर फिरवतात. मग परतीच्या पाइपातून थोडे पाणी काचेच्या बरणीत घेतले आणि खिडकीपाशी धरले. पाणी काकवीसारखे काळे होते. तिने बरणीला बाहेरून चुंबक लावले. काळा गाळ सरसर सरकत चुंबकाच्या बाजूला येऊन चिकटला.

“बॉयलर गेला ना?” क्लिफर्डने विचारले. “माझी मुलगी म्हणते, फेकून द्या.”

“बॉयलर? हा बिचारा तर तुमच्या घराचा गाळ गिळून गिळून अजून उभा आहे. चोर सोडून संन्याशाला कशाला फाशी देताय?”

ऐकलेत ना? संन्यासी मी. किटलीकडे मी मुद्दाम पाहिले.

“हे बघा,” डेनीस म्हणाली, “हे लोखंड आहे. तुमच्या रेडिएटरांचंच. आतून गंजून सुटलेलं. पण एवढं? पाइप तर कुठे गळत नाहीत. यात नवं पाणी कधी भरता?”

क्लिफर्डची छाती फुगली. “दर रविवारी. न चुकता. आधी सगळी हवा काढतो, मग पाणी भरतो. आणि ऑड्री पडल्यापासून तर सकाळ-संध्याकाळ.”

डेनीसने बरणी कट्ट्यावर ठेवली. हसली नाही. मला वाटले आता ही त्याला फाडून खाणार. पण ती एवढेच म्हणाली, “तुमच्या बसच्या रेडिएटरमध्ये तुम्ही रोज नळाचं ताजं पाणी ओतलं असतंत का?”

“वेड लागलंय का? त्यातलं औषध धुऊन गेलं असतं. नव्या पाण्यात हवा मिसळलेली असते, इंजिन आतून गंजलं असतं. डेपोत कोणी तसं केलं असतं तर मी त्याला…”

आणि तो तिथेच थांबला. मी त्याचा चेहरा पाहिला आहे, मित्रांनो. तो बरणीकडे पाहत होता. पाणी काही दिवस आतच फिरले की त्यातली हवा संपते, गंज थांबतो, शिवाय त्यात गंज रोखणारे औषध असते. त्याने दर रविवारी ते औषधाचे पाणी थोडे थोडे काढून टाकले होते आणि त्याच्या जागी गंजाला नवे खाद्य भरले होते. अति तेथे माती म्हणतात, इथे तर अति तेथे काळा चिखल झाला होता.

“म्हणजे मीच केलं हे,” तो म्हणाला. “तिला गार मीच ठेवलं.”

“तुम्ही आणि पाण्यानं मिळून.”

“मला दुसरं काय येतं? स्वयंपाक येत नाही. फुलंबिलं मी कधी आणली नाहीत. तिचे हात गार असतात, आणि मला ही एक किल्ली फिरवता येत होती. म्हणून फिरवत राहिलो.”

डेनीसने नाक पुसले, बहुतेक सर्दी नव्हती. “चहा करा,” ती म्हणाली. “माझ्यात दोन चमचे साखर. रडायचं असेल तर पाणी उकळेपर्यंत रडून घ्या. नंतर मला टॉर्च धरायला माणूस लागेल. तुम्ही फोनवर म्हणालात ती हॉस्पिटलची बाई उद्याच येतेय ना?”

किटलीने त्या दिवशी पहिल्यांदा चांगले काम केले. ती नेहमीपेक्षा हळू उकळली.

मग डेनीसने पेटीतून एक काळा डबा काढला. दुधाच्या बाटलीएवढा, वर झाकण, दोन्ही बाजूंना एकेक छोटी तोटी. मधोमध एक जाड चुंबक. “हा फिल्टर,” ती म्हणाली. “परतीच्या पाइपावर बसतो, बॉयलरच्या तोंडापाशी. पाणी याच्यातून जातं, लोखंड चुंबकाला चिकटून राहतं, आणि स्वच्छ पाणी बॉयलरमध्ये जातं.”

खरे सांगतो, मला ते आवडले नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ना? इतकी वर्षे मी घर एकट्याने सांभाळले, आणि आता माझ्या तोंडापाशी हा रखवालदार! मी एकदा गुरगुरलोही. डेनीसने माझे बटण बंद केले आणि माझे गुरगुरणे तिथेच संपले.

तिने घरातले सगळे पाणी लांब नळीने मागच्या अंगणातल्या मोरीत सोडले. काळी धार किती तरी वेळ वाहत होती. मग परतीच्या पाइपावर खडूने दोन खुणा केल्या. एक छोटे चाकाचे हत्यार पाइपाभोवती फिरवत फिरवत तिने तांबे अलगद कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या. डबा बसवण्याआधी तिने त्याच्यावरचा बाण क्लिफर्डला दाखवला.

“पाणी जिकडे जातं तिकडे बाणाचं तोंड हवं. उलटा बसवणारे महाभाग मी पाहिलेत.”

“एकेरी रस्ता,” क्लिफर्ड म्हणाला. हे त्याला पटकन कळले.

नट आवळताना तिने दोन पाने घेतले. एकाने पाइप धरून ठेवला, दुसऱ्याने नट फिरवला, म्हणजे तांब्याला पीळ पडू नये. “जोर लावायचा तर धरायलाही यावं लागतं,” ती पुटपुटली. क्लिफर्ड टॉर्च धरून गुडघ्यावर बसला होता. उजेड बरोबर जागी पडत होता.

पाणी पुन्हा भरले. त्यात गाळ सैल करणारे औषध घातले. सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहिले, कुठे थेंब नव्हता. मला पेटवले. मी पेटलो. वरच्या खोल्या तापल्या, जिन्यातला रेडिएटर तापला. पुढच्या खोलीतला मात्र तसाच होता. वरून गरम, पोटाशी बर्फ.

बाहेर दिवे लागायची वेळ झाली होती. क्लिफर्ड रेडिएटरपाशी उभा होता. त्याचा हात आपोआप खिशात गेला, किल्लीकडे.

“ती किल्ली इकडे द्या,” डेनीस म्हणाली. त्याने दिली. “आता घरातले बाकीचे सगळे रेडिएटर बंद करा. एकूण एक. सगळा जोर या एकावर लावायचा. आणि बॉयलरला म्हणावं, आता दाखव.”

कोणी मला म्हणायची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच सगळे घर बंद होऊन एकच वाट माझ्यासमोर उघडी होती. मी ज्योत वाढवली. पंपाने दम घेतला आणि पाणी ढकलले. तिकडे डेनीस रबरी हातोड्याने रेडिएटरला खालून वर ठोकत होती, धप् धप् धप्, आणि क्लिफर्ड दोन्ही हातांनी तो धरून होता. मी ढकलत राहिलो. ऑड्रीसाठी ढकलत होतो. ऑक्टोबरातल्या आमच्या चोरट्या उबेची शपथ घेऊन ढकलत होतो. आणि मग तिथे काहीतरी सुटले. वर्षानुवर्षे बसलेला गाळ एकदम हलला आणि परतीच्या पाइपातून भसाभसा माझ्याकडे आला. सवयीने मी पोट आवळले.

पण माझ्यापर्यंत काही आलेच नाही. तोंडाशी त्या काळ्या डब्याने सगळे अडवले होते. आत आले ते साधे, हलके, कोमट पाणी. मला मी नवा असतानाची चव आठवली. मित्रांनो, मोठेपणा कशात असतो तर चूक कबूल करण्यात. मी त्या फिल्टरला लगेच शेजारी मानले.

“डेनीस!” पुढच्या खोलीत क्लिफर्ड ओरडला. “खाली… खाली गरम होतंय! पोटाशी!”

“हात काढा मग, भाजेल!”

मग दोघे माझ्यापाशी आले. तिने फिल्टरच्या दोन्ही तोट्या बंद केल्या, डबा उघडून चुंबक बाहेर काढले. त्याला बोटभर जाडीचा काळा लेप चढला होता. क्लिफर्डने तो नीट पाहिला. ती पुसून टाकणार तेवढ्यात म्हणाला, “थांब. बघू दे. एवढे माझे रविवार आहेत ते.” त्या संध्याकाळी चुंबक पुन्हा पुन्हा पुसावे लागले. शेवटी तिने सगळे पाणी बदलले, गंज रोखणारे औषध घातले आणि निघताना किल्ली माझ्याखालच्या खिळ्याला अडकवली.

“हवा खरंच अडकली तरच हात लावायचा. आणि काटा सारखा उतरायला लागला तर मला फोन करायचा, तोटीला हात नाही लावायचा. कळलं?”

“कळलं, बाई.”

“आणि यापुढे बसमध्ये कोणी चिप्स खाल्ल्या तर खाऊ द्या.”

“आता मी बस चालवत नाही.”

“म्हणूनच सांगतेय.”

शुक्रवारी हॉस्पिटलातली बाई आली. पलंगाची उंची बघितली, पायरीवरचा नवा कठडा बघितला, खोलीतला पारा बघितला. मग स्वतःचा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि लिहायला बसली. तिने कोट काढला तेव्हाच मला निकाल कळला.

शनिवारी ऑड्री घरी आली. काठीचा आधार घेत, एक एक पाऊल टाकत ती पुढच्या खोलीत शिरली. जोआन तिला आणायला ब्रायटनहून आली होती, तिने मागून हात धरला होता. ऑड्री खिडकीपाशी थांबली, रेडिएटरला हात लावला, आधी वर, मग खाली.

“क्लिफर्ड, मला स्वेटर काढू दे,” ती म्हणाली. “या घरात अशी पाळी पहिल्यांदाच आली.”

जोआन हसता हसता रडली. मग तिने स्वयंपाकघरात येऊन माझ्यावरची धूळ पुसली. फेकून देण्याचे बोलणे पुन्हा निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ओव्हनमध्ये मटण होते, ते जोआनने लावले होते. क्लिफर्ड सवयीने टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याखाली आला. त्याने खिळ्याकडे पाहिले. किल्लीला हात लावला. काढली नाही. रिकाम्या हातांनी काय करावे ते त्याला कळेना, आणि मलाही त्याच्यासाठी वाईट वाटले.

“क्लिफर्ड!” पुढच्या खोलीतून ऑड्रीने हाक मारली. दारे सगळी उघडी होती. “आज फुस्स ऐकू आलं नाही.”

तो दारात जाऊन उभा राहिला. “बंद केलंय. ऑड, ते सगळं मीच बिघडवलं होतं. इतकी वर्षं तुला ऊब मिळावी म्हणून करत होतो, आणि…”

“डेनीसनं सांगितलं मला. फोनवर. मीठमसाला लावून.”

“मग?”

“मग काय? हॉस्पिटलात रविवारी सकाळी मी त्या फुस्सची वाट बघत पडून असायचे. ऊब नको होती मला. तू घरभर माझ्यासाठी गुडघे टेकतोयस, तेवढं ऐकायचं होतं.” मग ती म्हणाली, “आता रिकामा झालायस ना? इकडे ये. मला वाकता येत नाही. मोजे घालून दे.”

तिचे लोकरीचे मोजे रेडिएटरवर वाळत होते. क्लिफर्डने ते उचलले. टॉवेलाची घडी जमिनीवर ठेवली आणि त्यावर गुडघा टेकला, जसा दर रविवारी रेडिएटरपुढे टेकायचा. तिचा पाय हातात घेतला.

“गरम आहेत?” त्याने विचारले.

“आहेत. आणि टाच वर आलीय. नीट घाल, बस नाही चालवायची तुला.”

पुढच्या शरद ऋतूत डेनीस पुन्हा आली. फिल्टर उघडला, चुंबक बाहेर काढले. त्यावर नखाने खरवडावी एवढीच काळी रेघ होती. क्लिफर्डने ती रेघ स्वतः पुसली आणि चुंबक जागेवर बसवले. वर्षातून एकदा, तेवढेच काम. ऑड्री काठीशिवाय चालत स्वयंपाकघरात आली, तिने सगळ्यांना चहा केला.

मित्रांनो, मी एक बॉयलर. मला उपदेश करायची हौस नाही, पण माझ्या पोटातून गेलेले सांगतो. ज्याच्यावर माया आहे त्याची काळजी जरूर घ्या. पण आधी त्याला काय हवे आहे ते विचारा. आणि एखादी गोष्ट खडखडू लागली, तर तिला म्हातारी म्हणून फेकण्याआधी तिच्या पोटात काय साचले आहे ते बघा. माझ्यासारखे कितीतरी जण दुसऱ्याचा गाळ गिळून उभे असतात.

ऑड्रीला आता वाकता येते. मोजे तिला स्वतः घालता येतात. तरी रविवारी सकाळी ती पुढच्या खोलीत खुर्चीवर बसते आणि “क्लिफर्ड, मला काही हे जमत नाही बाई,” असे म्हणते. तो टॉवेल घेऊन निघतो. जाताना खिळ्यावरच्या किल्लीला बोट लावतो, ती जराशी हलते. मी ज्योत थोडी मोठी करतो, कारण मोजे गरम असायला हवेत.